जुन्या जीपचे हेडलाईट सारखे मंद, बल्ब सारखे उडतात? नवीन लाईट घ्यायच्या आधी मीटर लावा

पावसाळा जवळ आला की आमच्या रत्नागिरी-दापोली पट्ट्यात जुन्या जीपवाल्यांचं एकच गाऱ्हाणं सुरू होतं, लाईट पडतच नाय रस्त्यावर. गाडी महिंद्राची 540 असो, कमांडर असो, मेजर असो नायतर मारुतीची जिप्सी, तक्रार तीच: नवीन बल्ब टाकला की चार दिवस बरं वाटतं, मग परत मिणमिण, एक बाजू पांढरी एक बाजू पिवळी, डिपर मारला की क्षणभर डोळ्यापुढे अंधार, आणि थोड्या महिन्यांत बल्ब उडालेला. मग कोण सांगतं शंभरचा बल्ब टाक, कोण सांगतं एलईडी टाक, कोण म्हणतं बंपरवर लाईटचा बारच लाव आणि मोकळा हो. पैसे जातात आणि पुढच्या पावसात परत तेच.

हे लिहायचं कारण असं की ह्यातल्या बऱ्याच गाड्यांत दोष बल्बमध्ये नसतोच. बॅटरीपासून बल्बपर्यंत करंट पोचतच नाय नीट, आणि पोचला तर परत यायला वाट धड नसते, कारण खाऱ्या वाऱ्याने सगळे जोड खाऊन टाकलेले असतात. घाटावरची तशीच जुनी जीप बघा आणि हर्णै किंवा जयगडच्या बंदराजवळ उभी राहणारी बघा, दोघींच्या वायरिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे घाटावरच्या लोकांचे उपाय इथे जसेच्या तसे लावून उपयोग नाय.

आणि ही हौसेची गोष्ट नाय. पावसात रात्री आपल्याकडे गुरं डांबरावर येऊन बसतात, ओला रस्ता, वर काळी म्हैस, समोरून एसटीचा झोत, आणि आपला डिप, म्हणजे खाली पडणारा जवळचा झोत, जेमतेम बंपरपुढे पडतोय. आंब्याच्या दिवसांत पहाटे पेट्या भरून सड्यावरून उतरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आधी थोडं गणित, मग गाडीकडे वळू. ह्या सगळ्या गाड्यांना 7 इंची गोल डोम (हेडलाईटची काच आणि रिफ्लेक्टर) आणि एच4 बल्ब बसतो, 12 व्होल्ट, 60/55 वॅट, म्हणजे अप्पर 60 आणि डिप 55. एक बल्ब साधारण 5 अँपिअर घेतो, दोन मिळून 10. हा सगळा करंट जुन्या गाडीत बॅटरीतून निघून डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून डिपरच्या स्विचला, तिथून परत पुढे हेडलाईटला असा लांबचा फेरा मारून येतो. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला साधारण 17-18 मिलिओहम अडवते, चार मीटरचा फेरा धरला तर 10 अँपिअरला 0.7 व्होल्ट नुसत्या वायरीत गेले, तेही वायर नवीन आणि तांबं शुद्ध असेल तर. त्यात स्विचचे झिजलेले पॉईंट, गंजलेले कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि कुजलेली अर्थ (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) मिळवा, दीड-दोन व्होल्ट सहज गळतात. आता खरी मेख इथे आहे की हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाय, कितीतरी जास्त वेगाने पडतो. व्होल्टेज 10 टक्के पडलं तर प्रकाश साधारण 30 टक्के जातो, 20 टक्के पडलं तर अर्ध्याहून जास्त प्रकाश गायब. म्हणजे 60/55 चा चांगल्यातला बल्ब विकत घेऊन तुम्ही अर्धाच वापरताय. अशा वायरिंगवर 100/90 चा बल्ब टाकला तर करंट वाढतो, गळती अजून वाढते, होल्डर वितळतो, डोमच्या रिफ्लेक्टरची चांदी काळी पडते, आणि कायद्यानेही तो रस्त्यावर चालत नाय. तो नाद सोडा.

आता तपासणी. साधा डिजिटल मीटर पुरतो, डीसी 20 वर ठेवायचा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, मोजमाप बल्ब जोडलेला आणि लाईट चालू असतानाच करायचं. बरेच इलेक्ट्रिशियन होल्डर काढून मोकळ्या कपलरला मीटर लावतात, 12 दाखवतो, आणि वायरिंग ओके आहे म्हणून सांगतात. करंट वाहत नसेल तर गळती दिसणारच नाय, कुजलेला एक तार शिल्लक असला तरी मीटर 12 दाखवेल.

पहिलं, इंजिन चालू ठेवून थोडा रेस द्या आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. 13.8 ते 14.4 च्या दरम्यान आलं पाहिजे. 13 च्या खाली असेल तर आल्टरनेटर, पट्टा आणि बॅटरीचे टर्मिनल आधी बघा, हेडलाईटला हात लावू नका. 15 च्या पुढे जात असेल तर तुमचे बल्ब का उडतात ते इथेच कळलं. व्होल्टेज 5 टक्के जरी जास्त राहिलं तरी हॅलोजनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. जुन्या गाडीत रेग्युलेटर वेगळा बाहेर बसवलेला असतो, त्याच्या बॉडीची अर्थ गंजली की त्याला खरं व्होल्टेज कळतच नाय आणि तो आल्टरनेटरला जोरात चार्ज करायला लावतो. रेग्युलेटर बदलायच्या आधी त्याचे स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकवा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

दुसरं, मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी पिन होल्डरच्या मागून बल्बच्या चालू पिनला टेकवा. लाईट चालूच. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत गळताहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल, एकच्या वर असेल तर स्विच आणि वायरिंगचा दोष. तिसरं, एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी बल्बच्या अर्थच्या पिनला. इथे 0.2 च्या वर काय दिसता कामा नये. दोन्ही हेडलाईटना वेगवेगळं मोजा आणि आकडे कागदावर लिहून ठेवा, काम झाल्यावर ताडून बघायला लागतात.

मीटर हाताशी नसेल तर एक खूण सांगतो, ती खात्रीची आहे. डिपवर लाईट असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अंधुक पेटतोय का बघा. पेटत असेल तर एका हेडलाईटची अर्थ गेलेली आहे. होतं काय की डिपचा करंट फिलामेंटमधून येतो, अर्थला जायला वाट मिळत नाय, मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि अप्परच्या लाईनीतून दुसऱ्या बाजूच्या बल्बकडे आणि निळ्या दिव्याकडे निघतो. बाहेरून बघाल तर त्या बाजूच्या बल्बची दोन्ही फिलामेंटं लालसर दिसतात. इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा हेडलाईट त्याच्या ठेक्यात लुकलुकतोय, तरी दोष तोच.

शेजाऱ्यांची जीप अशीच होती, निळा दिवा डिपला कायम मंद पेटलेला. ते समजत होते की डिपरचा स्विच अडकतोय, म्हणून स्विच नवा घातलेला. ग्रिलच्या आतल्या बाजूला अर्थचा स्क्रू होता, वरून बघाल तर काय वाटणार नाय, रंगसुद्धा शाबूत. स्क्रू सोडवला तर लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खालून हिरवा चुरा सांडला, पत्रा सालपटासारखा निघाला, आणि वायर ओढली तर लगमधून अलगद हातात आली, आतले तार काळे पडून नुसती भुकटी. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड वायर तात्पुरती होल्डरच्या अर्थला टेकवली तर समोरच्या जांभ्याच्या गडग्यावरचा झोत पिवळ्याचा पांढरा झाला, बल्ब तोच. ही वायर टेकवायची युक्ती कुणीही करून बघू शकतो, बॅटरीच्या मायनसपासून टेकवायची आहे, प्लसपासून नाय, आणि उजेड वाढला म्हणजे अर्थ गेली हे पक्कं.

म्हणून सुरुवात अर्थपासून. ग्रिलच्या पत्र्यावर विसंबू नका, ग्रिल आणि मडगार्ड बोल्टांनी जोडलेलं असतं, मध्ये रंग आणि गंज, त्या जोडाचा भरवसा किनाऱ्यावर धरता येत नाय. दोन्ही हेडलाईटची अर्थ वेगळ्या 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीने थेट बॅटरीच्या मायनसला किंवा चेसीवर जिथे बॅटरीची जाड पट्टी येते तिथे नेऊन बांधा. लग क्रिंप करा, नीट, क्रिंपिंगच्या पकडीने, साध्या पक्कडने दाबू नका. नुसतं सोल्डर करू नका, सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होतो आणि आपल्या रस्त्यांच्या हादऱ्याने तिथेच तुटतो. वरून आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवा, बोल्ट कसून झाल्यावर ग्रीस किंवा व्हॅसलीनचा थर द्या. आणि बॅटरी ते चेसी, चेसी ते इंजिन ह्या दोन जाड पट्ट्या काढून साफ करा, त्या कुजलेल्या असतील तर सगळीच मेहनत वाया.

प्लसच्या बाजूला उपाय म्हणजे रिले, थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन रिले, एक अप्परला एक डिपला, 12 व्होल्ट, 30 किंवा 40 अँपिअरचे. मूळ वायर जी बल्बला जायची ती आता रिलेच्या कॉईलला जाते, कॉईल एक पाव अँपिअरसुद्धा घेत नाय, त्यामुळे तुमचा जुना स्विच गरम होणं बंद. बल्बचा खरा करंट बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि बल्ब असा जवळच्या वाटेने जातो. जोडणी अशी: 30 ला बॅटरीची फ्यूजमधून आलेली जाड वायर, 87 वरून बल्ब, 86 ला जुन्या होल्डरची वायर, 85 ला अर्थ. दोन रिलेंना दोन वेगळे फ्यूज, 15 किंवा 20 अँपिअरचे, आणि ते बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवेत, नायतर फ्यूजच्या आधीच वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज काय कामाचा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेल्या गाड्या अजून फिरताहेत, तेवढं मात्र आजच्या आज काढा, गाडी जळते त्याने.

जिप्सीवाले आणि जपानी बनावटीच्या जुन्या गाड्या असणाऱ्यांनी इथे थांबून एक गोष्ट तपासा. काही गाड्यांत हेडलाईटचा स्विच प्लसच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो, बल्बच्या सामाईक पिनला प्लस येतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. बल्ब काढा, लाईट चालू करा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला धरून होल्डरच्या तिन्ही पिना बघा, नेहमीच्या पद्धतीत सामाईक पिनला शून्य येतं, ह्या पद्धतीत तिथे 12 येईल. तसं असेल तर वरची जोडणी चालणार नाय, कॉईलचं एक टोक प्लसला आणि दुसरं स्विचकडून येणाऱ्या अर्थला द्यावं लागतं. हे न बघता तयार किट लावलं की एकतर लाईट लागत नाय नायतर विझत नाय, आणि मग किटला शिव्या.

तयार किटबद्दल पण सांगतो. मिळतात, सोयीची असतात, पण घेताना वायरीचं टोक ब्लेडने खरवडून बघा. वर तांब्याचा रंग आणि आत चंदेरी दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे, खाऱ्या हवेत ती फार टिकत नाय, पांढरी भुकटी होते. होल्डर सिरॅमिकचा असेल तर उत्तम. रिले फायरवॉलवर किंवा मडगार्डच्या आत उंचावर बसवा, टर्मिनल खालच्या बाजूला तोंड करून, आणि वायर रिलेच्या खाली थोडी लोंबती ठेवून मग वर घ्या म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून रिलेत न जाता खालीच टपकेल. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच.

ज्यांच्या जीपमध्ये डिपरचा स्विच अजून पायाखाली, क्लचच्या डाव्या बाजूला आहे त्यांचं दुखणं आणखी एक. लाल चिखल, शेताचं पाणी, ओल्या चपला, सगळं त्या स्विचवर. रिले बसवल्यावर करंट कमी झाल्याने तो पुष्कळ टिकतो, पण कनेक्शन खालच्या बाजूला उघडी असतात, तिथे ग्रीस भरा आणि वर्षातून एकदा काढून बघा. आणि गाडी ज्या पडवीत किंवा मांगरात उभी असते तिथे भात-नारळ साठवलेले असतील तर उंदीर वायरी कुरतडतात, पावसात जास्तच, मंद लाईटचं कारण तेही असू शकतं. फ्लेक्झिबल पाईप चढवा.

आता डोम. रिफ्लेक्टरची चांदी उडालेली असेल, आत ढगाळ किंवा पिवळट दिसत असेल तर पुसायला जाऊ नका, तो ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, फडकं लावलं की ओरखडे पडतात आणि उरलासुरलाही जातो. डोम बदला, दुसरा उपाय नाय. काचेचा घ्या, प्लास्टिकची काच वाळू आणि धुळीने लवकर धूसर होते. मागची रबरी टोपी घट्ट बसलीच पाहिजे, बल्ब बदलताना ती बाजूला पडून राहते आणि तिथूनच दमट हवा आत शिरते, बऱ्याच गाड्यांचे डोम ह्या एका टोपीपायी मेलेत. डोम धरणाऱ्या रिंगचे स्क्रू स्टीलचे घाला, स्टेनलेस, नायतर पुढच्या वेळी छिन्नीने तोडायला लागतात.

ऑनलाईन डोम मागवताना फसगत होते ती वेगळीच. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आपल्या डिपचा झोत डाव्या बाजूला वर चढायला हवा, म्हणजे रस्त्याची कड दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाय. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेल्या डोमचा झोत उजवीकडे वर चढतो. भिंतीवर डिप मारून बघा, उजवी बाजू वर दिसली तर परत करा, स्क्रू फिरवून ते सुधरत नाय.

एलईडीचं. हॅलोजनच्या डोममध्ये एलईडी बल्ब घालू नका, हे मी कळकळीने सांगतोय. एच4 च्या डोमचं सगळं गणित फिलामेंट नेमकं कुठे आहे आणि डिपच्या फिलामेंटखाली ती छोटी धातूची वाटी आहे ह्यावर बसवलेलं असतं. एलईडीची चिप त्या जागी, त्या आकाराची नसते, झोत विस्कटतो, भिंतीवर उजेड खूप दिसतो पण लांबवर पोचत नाय आणि समोरून येणारा दुचाकीवाला आंधळा होतो. अरुंद रस्त्यावर, एका बाजूला गडगा आणि एका बाजूला व्हाळ असताना समोरच्याला आंधळं करणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. शिवाय त्यांच्या मागचा पंखा आपल्या हवेत गंजून बंद पडतो आणि मग बल्बही जातो.

पूर्ण एलईडी युनिट, म्हणजे स्वतःचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स असलेला अख्खा 7 इंची हेडलाईट, ही वेगळी गोष्ट आहे आणि चांगला असेल तर मी त्याच्या विरोधात नाय. त्याला करंट कमी लागतो, थोडी गळती त्याला जाणवत नाय. बघायचं ते एवढं: डिपची कड भिंतीवर स्पष्ट आणि डावीकडे चढती हवी, काचेवर गोलातला ई आणि आकडा असा मान्यतेचा शिक्का हवा, आयपी67 (पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलं हवं. अर्थच्या बाजूला स्विच असलेल्या गाडीत तो थेट लागणार नाय, रिले किट लागेलच. आणि त्याची काच गरम होत नसल्याने आत एकदा दमटपणा गेला की सुकायला फार वेळ लागतो. बंपरवरचे बार हे बागेत, खाजगी जागेत ठीक, सार्वजनिक रस्त्यावर झाकून ठेवा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल करता येत नाय, पासिंगच्या वेळी अडतं.

माझं मत विचाराल तर: अर्थ, रिले, नवा काचेचा डोम, आणि चांगल्या कंपनीचा साधा 60/55. आंबा घाटात धुकं असेल किंवा जोराचा पाऊस असेल तेव्हा ह्या किंचित पिवळसर हॅलोजनसमोर रस्ता जास्त कळतो, पांढऱ्याशुभ्र झोतात समोर नुसती भिंत उभी राहते. बल्बच्या काचेला बोट लावू नका, हाताचं तेल तिथे जळतं आणि काच तिथेच कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

शेवटी लेव्हल, जी आपल्याकडे क्वचितच कोणी करतं. सपाट जागा, टायरची हवा बरोबर, आणि गाडीत नेहमीचं वजन. हे वजनाचं महत्त्वाचं आहे, मागे पेट्या भरल्या की पाटे दबतात, नाक वर होतं, आणि रिकाम्या गाडीत बरोबर लावलेला डिप लोकांच्या डोळ्यात जातो. हेडलाईटच्या मधल्या बिंदूची उंची भिंतीवर खडूने आखा, गाडी 5 मीटरवर उभी करा, डिपची सपाट कड त्या रेघेच्या 5 सेंटिमीटर खाली आणा, 10 मीटरवर असाल तर 10 सेंटिमीटर. वरचा स्क्रू वर-खाली करतो, बाजूचा डावीकडे-उजवीकडे. स्क्रू जाम असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, जोर केलात तर प्लास्टिकची नट फुटते.

सगळं झाल्यावर तीच तीन मापं परत घ्या. प्लसची गळती 0.3 च्या आसपास आणि अर्थची 0.1 च्या खाली आली तर काम पक्कं झालं. एक बाजू अजून मंद असेल तर दोन्ही होल्डर अदलाबदल करून बघा, दोष होल्डरबरोबर फिरला तर होल्डर, नाय फिरला तर त्या बाजूची वायर. पुळणीवर गाडी घातली किंवा धोपावे-दाभोळची फेरी केली की गोड्या पाण्याने धुवा, विहिरीचं पाणी मचूळ असेल तर बोनेटखाली ते मारू नका, त्यापेक्षा ओलं फडकं बरं. मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी, अर्थचे बोल्ट एकदा सोडवून, घासून, ग्रीस लावून परत कसा. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा बल्ब, एक रिले आणि दोन फ्यूज ठेवा.